पाच वाक्यांची बहीण

१

चिमीला जपानी भाषेचा राग नव्हता. राग होता तो वहीचा.

भाषेशी तिचं बरं जमलं होतं. तीन लिप्या होत्या, ठीक आहे. एकेका अक्षराला अठरा-अठरा रेघा होत्या आणि त्या कोणत्या क्रमाने ओढायच्या हेही ठरलेलं होतं, तेही ठीक आहे. आपणच हौसेने घरदार सोडून परक्या देशात येऊन ही शाळा धरली, तर रेघा ओढायलाच हव्यात. पण रोजनिशी? शाळेचा नियमच होता, प्रत्येक विद्यार्थ्याने रोज वहीत पाच वाक्यं लिहायची. काल काय केलं, कुठे गेलो, काय खाल्लं. सकाळी वही बाईंच्या टेबलावर ठेवायची, दुपारी ती लाल शाईत न्हाऊन परत यायची. हा गृहपाठ तिसरीतल्या पोरांचा, आणि चिमीचं वय सत्तावीस.

बरं, लिहायचं तर दिवसात काही घडायलाही हवं. साडेआठ ते साडेबारा वर्ग. एक ते पाच एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या. डबल बेडच्या चादरीची दोन टोकं चिमीने धरायची, दोन टोकं समोरच्या बाईने, दोघींनी चादर ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक जुळवायचं. दिवसाला दीडशे चादरी. मग खोली. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक शेगडी, आणि एक खिडकी, जिच्यातून मागच्या अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दिसत. याची पाच वाक्यं सोमवारी झाली. मंगळवारी तीच झाली. बुधवारी बाईंनी समासात लिहिलं, "काहीतरी नवीन लिहा."

"बाई, नवीन काही घडतच नाही," चिमी वर्गात म्हणाली.

बाई निवृत्तीला आलेल्या, किडकिडीत, आणि लाल पेन कानामागे खोचून बसायची सवय असलेल्या. "मग घडवा," त्या म्हणाल्या. "खरं-खोटं मी बघत नाही. मी वाक्य बघते."

एवढी मुभा मिळाल्यावर चिमीने तिचा पुरेपूर फायदा उठवला. रविवारी दुपारी पलंगावर मांडी ठोकायची आणि येणाऱ्या आठवड्याची सगळी वाक्यं एका दमात लिहून मोकळं व्हायचं. अजून न उजाडलेल्या गुरुवारी आपण काय केलं ते रविवारीच लिहून टाकण्यात एक प्रकारचा सूड होता.

त्या आठवड्यात पाचवा पाठ होता, कुटुंबाचा. आता चिमीचं कुटुंब म्हणजे आई, बाबा, लहानपणापासून घरात असलेली विधवा आत्या, आणि बाबांचा एक चुलतभाऊ, जो पंधरा दिवसांसाठी म्हणून आला आणि अकरा वर्षं हलला नाही. हे सगळं सांगायला पाचव्या पाठातले शब्द पुरणारे नव्हते. मग तिने जे सांगता येत होतं तेच सांगितलं.

"माझी एक धाकटी बहीण आहे. ती माझ्याबरोबर राहते. ती शांत आहे. तिचे केस लांब आहेत. तिला अंडी आवडतात."

चिमी एकुलती एक होती. घरातलं सगळ्यात लहान माणूस, म्हणून तर ती चिमी. पण बाईंनी त्या पानावर पहिल्यांदाच एकही दुरुस्ती न करता मोठा लाल गोल काढला, आणि चिमीला वाटलं, सुटले एकदाची.

२

सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी समासात प्रश्न होता, "बहीण दिवसभर काय करते?"

चिमीने कपाळावर हात मारला. बहीण शिकते म्हणावं तर बाई विचारणार कुठे. नोकरी करते म्हणावं तर विचारणार कसली. एका खोट्यामागे दहा खोटी, आणि तीही परक्या लिपीत, कोण लिहीत बसणार? तिने बहिणीला घरीच बसवलं.

"ती घरी असते. ती खिडकीजवळ बसते. ती बाहेर बघते. ती बाहेर जात नाही. ती माझी वाट बघते."

वाट बघण्याचा शब्द कालच शिकवला होता, म्हणून वापरला. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढे बहिणीने चिमीचं काम फारच सोपं केलं. बहीण अंडं खायची, पाणी प्यायची, खिडकीशी बसायची, खिडकीशी उभी राहायची. गोल मिळत राहिले. असे पाच-सहा आठवडे गेले, आणि एका संध्याकाळी लाँड्रीतून परतताना जिन्याच्या तोंडाशी मालकीण उभी दिसली. मालकीण खालच्या मजल्यावर राहायची. ती बोलायची त्यातलं निम्मं चिमीला कळे आणि निम्मं ती चेहऱ्यावरून लावी. पण त्या दिवशी सगळंच कळलं.

"दुपारी जरा हळू चालत जा," मालकीण म्हणाली.

"दुपारी मी कामावर असते."

"मग कोण चालतं?"

"कुणी नाही. पाइप वाजत असेल. नाहीतर उंदीर."

"खिडकीपासून दारापर्यंत. मग दारापासून खिडकीपर्यंत," मालकीण म्हणाली. "उंदीर टाचा आपटत चालत नाहीत."

दिवसभर चादरी ताणून चिमीचे खांदे भरून आले होते. त्यात ही पिरपिर. "बरं, सांगते उंदराला," असं ती मराठीत पुटपुटली आणि वर गेली.

खोली सकाळी सोडली तशीच होती. कपाटात जागा नसल्याने काळा कोट तिने पडद्याच्या दांडीला अडकवला होता, तो तिथेच होता. बशीत अंड्याचं टरफल होतं. सकाळी आपण अंडं खाल्लं का, हे तिला आठवेना. पण सकाळी सात वाजता माणूस काय करतं ते कुणाला आठवतं? तिने टरफल टाकलं. मग पलंगाकडे बघितलं आणि जागीच उभी राहिली.

सकाळी लाथाडून टाकलेली चादर घडी घालून उशाशी ठेवली होती. नुसती घडी नव्हे. चारही टोकं एकमेकांवर अशी बसली होती, की नखही मधे शिरलं नसतं. तिचा आठ महिन्यांचा धंदा होता तो. घरची चादर असो की हॉटेलची, दोन्ही बाजूंनी ताणून धरल्याशिवाय अशी घडी होत नाही. त्याला दोन माणसं लागतात.

हाताला वळण पडलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. झोपेत घातली असेन. एकटीने? बरं, एकटीने. तिने चादर उलगडली, मुद्दाम चुरगाळली, आणि रात्री पांघरायला दुसरी काढली.

३

रविवारी सकाळी मालकीण सरळ वरच आली. चपला काढून दारातच थांबली आणि खोलीकडे अशी बघू लागली, जसं काही ती विकत घ्यायला आली आहे.

"खोली एकाची आहे. तसं करारात लिहिलंय."

"एकटीच राहते मी."

"मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ती खिडकीत बसली होती. लांब केस."

चिमीने आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं. लाँड्रीत जाळीची टोपी घालावी लागते म्हणून आल्या आल्याच तिने केस मानेपर्यंत कापून टाकले होते. मग तिला युक्ती सुचली, म्हणजे स्वतःची समजूत घालायलाच सुचली. तिने मालकिणीला खिडकीशी नेलं आणि दांडीला लटकवलेला कोट दाखवला. "हा बघा. खालून हा माणसासारखा दिसतो."

मालकिणीने कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. "कोट बसतो का?" तिने विचारलं.

चिमीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मालकीण गेल्यावर तिने कोट दांडीवरून काढून कपाटात कोंबला आणि कपाटाला पाठ टेकून बसली. तिला भीती वाटली असं तिला कुणी म्हटलं असतं तर ती भांडायला उठली असती. तिला संताप आला होता. एवढ्या लांब यायचं, एवढ्याशा खोलीत राहायचं, आणि त्या खोलीतही एकटं राहता येऊ नये, हा कुठला न्याय?

तेवढ्यात आईचा फोन आला. रविवारचा ठरलेला.

"काय गं ताई, जेवलीस का?"

"ताई कोण?"

"ताई कोण म्हणजे? तू."

"मला कधीपासून ताई म्हणायला लागलीस?"

"मग काय म्हणू?" आई हसत म्हणाली. मागून आत्याचा आवाज आला, कुकर बंद कर म्हणून, आणि आई घाईने म्हणाली, "ठेवते गं. नीट राहा दोघी."

चिमीने परत फोन लावला. कुणी उचलला नाही. दोघी म्हणजे मी आणि ती मालकीण असं म्हणायचं असेल आईला. आईचं बोलणं नेहमीच असं धरसोडीचं असतं. तिने बराच वेळ हेच घोकलं.

४

मंगळवारी वर्ग चालू असतानाच तिला शाळेच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथे शिक्केवाले बसायचे. खरं तर त्यांचं पद बरंच मोठं होतं, पण सगळे विद्यार्थी त्यांना आपापल्या भाषेत शिक्केवालेच म्हणत, कारण त्यांच्या टेबलावर चौदा शिक्के होते आणि त्यांच्याशिवाय माणसाचा कुठलाही कागद पुढे सरकत नसे. समोर चिमीची वही होती. शेजारच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या.

"मालकीणबाईंचा फोन आला होता," शिक्केवाले म्हणाले. "खोली शाळेने मिळवून दिली आहे. एकाची आहे."

"मी एकटीच राहते."

"वहीत बेचाळीस पानांवर तुमची बहीण आहे."

"ती खोटी आहे."

"वही खोटी आहे?"

"वही खरी आहे. बहीण खोटी आहे."

"प्रत्येक पानावर शाळेचा शिक्का आहे," शिक्केवाले सावकाश म्हणाले, जसं काही चिमीला अजून अंक येत नाहीत. "शाळा खोट्या गोष्टीवर शिक्का मारत नाही."

चिमीने बाईंकडे बघितलं. "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, खरं-खोटं बघत नाही म्हणून? सांगा ना यांना."

"मी वाक्य बघते," बाई म्हणाल्या. "वाक्यं बरोबर होती."

त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं चिमीला मनापासून वाटलं. शिक्केवाल्यांनी नियम सांगितला. शुक्रवारी दुपारी चार वाजता ते आणि मालकीण खोली बघायला येणार. खोलीत एकच माणूस राहत असेल तर प्रश्न मिटला. दोन असतील तर करार मोडला. करार मोडला तर खोली गेली, खोली गेली की शाळेतली जागा गेली, आणि जागा गेली की या देशात राहण्याचा कागद गेला. आठ महिन्यांपूर्वी घरात सगळ्यांशी भांडून ती इथे आली होती. परत गेली असती तर बाबा काही बोलले नसते. मुकाट्याने स्टेशनवर न्यायला आले असते, बॅग हातातून घेतली असती, आणि तेच तिला सोसणार नव्हतं.

"आणि हे काय?" शिक्केवाल्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "नियम पाच वाक्यांचा आहे. इथे सहा आहेत."

चिमीने वाचलं. पाच वाक्यं तिचीच होती, कुठल्याशा रविवारी बसून लिहिलेली. त्याखाली, त्याच निळ्या शाईत, सहावं होतं.

"आज मोठी बहीण उशिरा आली."

तिने मागची पानं उलटली. गेल्या तीन आठवड्यांत अशी सात पानं होती. "मोठी बहीण रागावली." "मोठ्या बहिणीने दुसरी चादर घेतली." बाईंची लाल शाई या ओळींना कुठेही लागली नव्हती.

"हे मी लिहिलेलं नाही."

"अक्षर तुमचंच आहे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कौतुक आलं. "फक्त रेघा जास्त चांगल्या आहेत. तुम्ही उभी रेघ नेहमी आधी ओढता. इथे ती शेवटी आहे. मला वाटलं, सुधारणा झाली."

५

बुधवार आणि गुरुवार चिमी शहाण्या माणसासारखी वागली, म्हणजे तिने हातात होतं ते सगळं करून पाहिलं. खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. खिडकीला आतून दोरा बांधला. संध्याकाळी दोरा होता तसाच होता. वही बाईंकडून परत आली की सतत पिशवीत ठेवली आणि पिशवी अंगाला. शेगडीजवळचा एक कप, एक बशी, एक चमचा सोडून बाकीची भांडी खोक्यात भरून पलंगाखाली सरकवली. ती जेमतेम चार भांडी होती, पण बाहेर दिसायला नकोत.

तरीही गुरुवारी संध्याकाळी ती दार उघडून आत आली तेव्हा खोलीत एक गोष्ट जाणवली, ती सांगायला अवघड होती. खोली रिकामी होती, पण रिकाम्या खोलीसारखी गप्प नव्हती. वर्गात बाई पाठ फिरवून फळ्यावर लिहीत असतात आणि मागे कुणीतरी श्वास धरून बसलेलं असतं, तशी गप्प होती. टेबलाजवळची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. चिमी ती नेहमी टेबलाकडे लावत असे. तिने खुर्ची वळवली. खुर्चीची बैठक कोमट होती.

ऊन, तिने म्हटलं. दुपारचं ऊन येतं तिथे. मग तिने खिडकीकडे बघितलं. बाहेर सकाळपासून ढग होते.

तेव्हा तिचा धीर सुटला. ती भांडायला कुणाशी भांडणार होती? मालकिणीशी, शिक्केवाल्यांशी, बाईंशी भांडून झालं होतं. उरली होती फक्त वही. आपणच हिला वाक्यांतून आत घेतली, तर वाक्यांतूनच बाहेर काढायची. हे वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण शुक्रवारी शिक्केवाले वहीच उघडणार होते, त्यामुळे त्यात व्यवहारही होता, आणि त्या व्यवहाराचा आधार घेऊन ती टेबलाशी बसली.

परत जाण्याचं क्रियापद पुढच्या पाठात होतं. ते तिने शोधून काढलं, दहा वेळा गिरवलं, उभी रेघ शेवटी ओढली.

"आज माझी धाकटी बहीण परत गेली. ती आपल्या देशात गेली. ती आता इथे राहत नाही. मी आता एकटी राहते. खोली एकाची आहे."

तिने वही मिटली, उशीखाली ठेवली आणि त्यावर डोकं टेकून, दिवा चालू ठेवून झोपली. कित्येक आठवड्यांनी तिला गाढ झोप लागली.

६

शुक्रवारी सकाळी तिने वही बाईंच्या टेबलावर ठेवली. लाँड्रीत सुपरवायझरला आधीच सांगितलं होतं, आज तीनला सोडा. तीन वाजता तो म्हणाला, समोरची बाई आज आलेली नाही, या वीस चादरी तेवढ्या कर आणि जा.

"एकटी कशी करू? दुसरी टोकं कोण धरणार?"

"कर ना कसंतरी," तो म्हणाला आणि निघून गेला.

चिमीने मनातल्या मनात त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज काढले. खुर्चीच्या पाठीला चादर अडकवून ती ताणायची, चादर सुटायची, परत अडकवायची. वीस चादरी झाल्या तेव्हा पावणेचार वाजले होते. ती धावत निघाली. रस्त्यात तिला धाप लागली, पण डोकं मात्र शांत होतं. खोलीत एकच कप आहे, एकच बशी आहे, वहीत बहीण परत गेली आहे. दहा मिनिटं उशीर झाला तर काय, ते दारात थांबतील.

चार वाजून दहा मिनिटांनी ती जिन्याशी पोचली तेव्हा मालकीण आणि शिक्केवाले खाली उतरत होते. शिक्केवाले फाइलमध्ये कागद सारत होते. त्यावरचा शिक्का अजून ओला होता.

"माफ करा, उशीर झाला," चिमी धापा टाकत म्हणाली. "चला, उघडते."

"झालं की बघून," मालकीण म्हणाली. तिचा चेहरा आज चक्क गोड होता. "एकटीच राहते. शांत मुलगी आहे. उगीच शंका घेतली मी."

"कोण?"

"चिमी," मालकीण म्हणाली. या देशात ते नाव चिमीने कुणालाही सांगितलं नव्हतं. "तुम्ही तिची मोठी बहीण ना? आज परत जाताय म्हणाली. बरं केलंत. खोली खरंच लहान आहे."

चिमीने शिक्केवाल्यांकडे बघितलं. आठ महिने हा माणूस तिला ओळखत होता, तिच्या पंधरा कागदांवर त्याने शिक्के मारले होते. त्यांनी अनोळखी पाहुण्याला करतात तशी मान लववली आणि वाट मिळावी म्हणून भिंतीकडे सरकले.

७

किल्ली लागली. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं. आतून साखळी होती.

दाराला साखळी आहे हे चिमी विसरूनच गेली होती. एकट्या माणसाला बाहेरून परत यायचं असतं. साखळी लावणार कोण?

तिने फटीला डोळा लावला. आधी तिला नुसतं पांढरं दिसलं. मग कळलं, ती चादर होती. तिचीच. खिडकीपासून दाराच्या दिशेने, खोलीच्या मधोमध, कंबरेच्या उंचीवर आडवी ताणलेली. पलीकडची दोन टोकं खिडकीपाशी कुणीतरी धरली होती. उजेड मागून येत होता, म्हणून चेहरा दिसला नाही. बोटं दिसली, आणि चादरीच्या कडेवर आलेले लांब केस. अलीकडची दोन टोकं, दाराच्या बाजूची, हवेत होती. सैल पडलेली नव्हती. जिथे चिमी उभी राहिली असती, तिचे हात जिथे आले असते, तिथे ती दोन टोकं नीट चिमटीत धरल्यासारखी वर उचललेली होती आणि त्यांना धरणारं कुणीही नव्हतं.

चादर हलली. दोन्ही बाजू एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक जुळलं. लाकडावर टाचा वाजल्या.

चिमीने दार ढकललं नाही की हाकही मारली नाही. तिने आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात छातीशी आले होते आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखी बोटं मिटली होती.

खिशात फोन वाजला. आईचा होता, शुक्रवारचा, कधी नव्हे तो. तिने बोटं कशीबशी सोडवून फोन कानाला लावला.

"ताई, निघालीस का गं?"

"आई, मी चिमी बोलतेय."

"चेष्टा पुरे. चिमीचा आत्ताच फोन येऊन गेला. सगळं सांगितलं तिने, तू कशी तिच्यासाठी जागा सोडलीस ते." आईचा आवाज भरून आला. "बाबा येतील स्टेशनवर तुला न्यायला. पण मला एवढंच सांग, ती एकटी राहील ना गं तिथे? लहान आहे ती. घाबरणार तर नाही?"

चिमीला सांगायचं होतं, आई, घाबरलेली मी आहे. एवढं एकच वाक्य. ते मराठीत होतं, त्यात एकही शब्द नवा नव्हता, आणि तरी ते तोंडातून बाहेर पडेना. फटीपलीकडे कुणीतरी दाराजवळ आलं, अगदी जवळ, आणि हलक्या हाताने दार लावून घेतलं.

८

सोमवारी सकाळी चिमीने वही बाईंच्या टेबलावर ठेवली. दुपारी ती परत आली. रेघा स्वच्छ होत्या, उभी रेघ प्रत्येक अक्षरात शेवटी होती.

"मी या खोलीत एकटी राहते. खोली एकाची आहे. माझी एक मोठी बहीण आहे. ती जिन्यात बसते. ती माझी वाट बघते."

बाईंनी एकही दुरुस्ती केली नव्हती. खाली मोठा लाल गोल होता, शेजारी शाळेचा शिक्का, आणि समासात बाईंचा प्रश्न, "बहीण परत कधी जाते?"

चिमीने पेनाचं टोपण काढलं. ते क्रियापद तिला येत होतं.